डमीच्या गुडघ्यावरचा रंग

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

वाहन-सुरक्षेच्या संशोधनात यायचं ठरवलंस, आनंद वाटला. सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरपासून करू, असं विचारलं आहेस. सॉफ्टवेअर हळूहळू हातात बसतं. आधी एक खोड मोड. अपघात म्हटला की ‘चूक कोणाची?’ हेच पहिलं तोंडात येतं. तो प्रश्न पोलिसांचा आणि विमा कंपनीचा. आपण विचारायचं ते हे, की शरीर कशावर थांबलं आणि किती अंतरात थांबलं?

हिशेब करून बघ. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. त्या वेगातलं शरीर अर्ध्या मीटरमध्ये थांबलं, तर त्याला सरासरी 20 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट, सोसावे लागतात. पाच सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर 200. गाडीचं नाक चेपतं ते या अंतरासाठी. ‘जुन्या गाड्या कशा दणकट होत्या’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणलेल्या तीन बिंदूंच्या सीट बेल्टची खुबीही हीच. माणूस गाडीला बांधला की चेपण्याचं अंतर त्यालाही मिळतं, आणि भार पडतो कमरेच्या, छातीच्या, खांद्याच्या हाडांवर. कमरेचा पट्टा वर पोटावर सरकला, तर मात्र तोच आतड्यांना इजा करतो. म्हणून ‘बेल्ट लावला होता’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. धडक-चाचणीचं चित्रीकरण एकेक फ्रेम पुढे सरकवत पट्टा हाडावर टिकला का ते बघ.

चाचणी झाली की लगेच मोजमापांच्या आलेखांकडे धावायचं नाही. आधी गाडीत डोकाव. डमी म्हणजे माणसाऐवजी गाडीत बसवलेला पुतळा; त्याच्या चेहऱ्याला, गुडघ्यांना वेगवेगळे रंग फासलेले असतात. गुडघ्याचा डाग डॅशबोर्डवर नेमका कुठे उमटलाय? मांडीच्या हाडावरचा भार मर्यादेत असेलही, पण डागापासून दोन बोटांवर स्टीअरिंगच्या खांबाचा टणक ब्रॅकेट असेल, तर थोड्या वेगळ्या बांध्याच्या माणसाचा गुडघा तिथेच आपटणार. हे आलेखात दिसत नाही.

डमी कोणाची, हेही विसरू नकोस. समोरच्या धडकेच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरली गेलेली हायब्रिड-3 ही 1970च्या दशकातली, सुमारे 78 किलोच्या पुरुषाची. मागून धडक बसली की मानेला इजा होण्याचा धोका बायकांना जास्त, हे ठाऊक असूनही सरासरी बांध्याच्या बाईची डमी मागच्या धडकेसाठी स्वीडनमध्ये तयार झाली ती थेट 2022 च्या सुमारास. मला हे अक्षम्य वाटतं. म्हाताऱ्यांच्या ठिसूळ बरगड्यांचं कामही अजून पुष्कळ बाकी आहे. विषय शोधत असशील तर तिकडे वळ.

आणि डोक्याला किती धक्क्याने इजा होते हे सांगणारे आकडे ज्या प्रयोगांतून आले, त्यांतले बरेचसे देहदान केलेल्यांच्या शरीरांवर झालेले आहेत. प्रयोगशाळेत वावरताना जीभ सांभाळून.

पहिला आलेख तयार झाला की पाठव. अक्षांवर एककं लिही, नाहीतर न वाचताच परत करीन.

तुझे,
सर