जेंटूवर कंपाइल अडलं तर आधी हे बघा

जेंटू हे लिनक्स बहुतेक प्रोग्राम सोर्स कोडमधून आपल्याच मशीनवर कंपाइल, म्हणजे बिल्ड करतं. घाबरू नका, बिल्ड अडणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. शेवटची ओळ फक्त 'फेल झालं' एवढंच सांगते. बिल्ड लॉग (बिल्ड होताना छापलेल्या ओळींची फाइल) उघडा आणि पहिली 'एरर' शोधा. अनेक जॉब (कंपाइलची कामं) एकदम चालतात, त्यामुळे ती कधी कधी शंभरेक ओळी वर दडलेली असते. सापडत नसेल तर मेकऑप्ट्समध्ये (MAKEOPTS, एकदम किती जॉब चालवायचे ते ठरवणारी सेटिंग) जॉब 1 (-j1) करून पुन्हा चालवा. वेळ लागेल, पण चूक स्पष्ट दिसेल.

'किल्ड' दिसलं तर बहुतेक रॅम संपली. दर जॉबला 2 जीबी धरा, म्हणजे 8 जीबीला 4 जॉब पुरे. डिस्क भरलीय का, तेही बघा.

सुरुवातीला हे टाळा:
- एरर न वाचता यूज फ्लॅग (प्रोग्राममधल्या कोणत्या सोयी हव्या ते ठरवणारे पर्याय) बदलत सुटणं
- कुठून तरी उचललेले सीफ्लॅग्ज (CFLAGS, कंपायलरला दिलेले पर्याय). ओ2 (-O2) आणि मार्च नेटिव्हवरच (-march=native) राहा.

मदत मागताना अख्खा लॉग द्या.