मूलपेशी की प्रजनन जीवशास्त्र: ॲन मॅक्लारेन यांच्या कारकिर्दीतून मिळणारे उत्तर

आनुवंशिकीतील पदव्युत्तर शिक्षण संपत आले असून पीएच.डी.साठी मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या पेशी) घ्याव्यात की प्रजनन जीवशास्त्र, आणि एक विषय घेतला तर दुसरा कायमचा सुटेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की विषयाच्या नावापेक्षा प्रश्न निवडावा, कारण या दोन क्षेत्रांच्या मध्ये जी पेशी उभी आहे ती एकच आहे: आद्य जननपेशी, जिच्याविषयी पुढे येईलच. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲन मॅक्लारेन (१९२७–२००७) यांचे संशोधन या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे.

त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा विषय होता उंदरांचे मणके. एका वाणाच्या उंदरांना कमरेचे मणके बहुधा पाच असतात, तर दुसऱ्या वाणाच्या उंदरांना सहा. आणि या दोन वाणांचा संकर केला असता पिलांच्या मणक्यांची संख्या आईच्या वाणाकडे झुकते. हा प्रभाव अंडपेशीतून येतो की गर्भाशयातून, हे ठरवण्यासाठी मॅक्लारेन आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड मिची यांनी एका वाणाचे भ्रूण दुसऱ्या वाणाच्या मादीच्या गर्भाशयात रुजवले आणि १९५८ मध्ये गर्भाशयाचा प्रभाव प्रयोगाने सिद्ध केला. त्याच वर्षी दुसरे सहकारी जॉन बिगर्स यांच्यासह त्यांनी उंदरांचे भ्रूण काही काळ शरीराबाहेर वाढवून ते पुन्हा मादीच्या गर्भाशयात ठेवले, आणि त्यांतून धडधाकट पिले जन्माला आली. मानवातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले ते यानंतर २० वर्षांनी, १९७८ मध्ये. भ्रूण हाताळण्याचे हे कौशल्य त्यांनी आनुवंशिकीतल्या एका प्रश्नासाठी कमावले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे त्यांचे लक्ष आद्य जननपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून अंडपेशी किंवा शुक्राणू घडतात त्या पेशींवर स्थिरावले. भ्रूणात या पेशी जननग्रंथींपासून दूर तयार होतात आणि आतड्याच्या कडेने प्रवास करत तिथवर पोहोचतात. मादी भ्रूणात त्या जन्मापूर्वीच अर्धसूत्री विभाजनाला (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाला) लागतात, तर नर भ्रूणात थांबून राहतात. मग पेशीचे भवितव्य तिच्या गुणसूत्रांवर ठरते की शेजारच्या ऊतीवर? १९९७ मध्ये, वयाच्या सत्तरीत, मॅक्लारेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने नर भ्रूणातील जननपेशी काढून भ्रूणाच्या फुप्फुसाच्या पेशींमध्ये वाढवल्या. ११.५ दिवसांच्या नर भ्रूणातील पेशी तिथे मादीच्या पेशींप्रमाणे अर्धसूत्री विभाजनात शिरल्या. एका दिवसाने मोठ्या भ्रूणातील पेशींनी मात्र तो मार्ग सोडलेला होता. वृषणातील परिसराने त्यांना तोवर नर दिशेला बांधून टाकले होते. पेशीचे भवितव्य केव्हा आणि कशामुळे पक्के होते हा मूलपेशीविज्ञानाचाही गाभ्याचा प्रश्न आहे, आणि तो इथे प्रजनन जीवशास्त्राच्या प्रयोगातून सुटताना दिसतो.

उलट दिशेनेही हा दुवा पक्का आहे. उंदराच्या भ्रूणापासून मूलपेशी १९८१ मध्ये मिळाल्या, आणि १९९२ मध्ये आद्य जननपेशी योग्य वाढघटक देऊन वाढवल्यास त्याही मूलपेशींसारख्या बहुक्षम, म्हणजे शरीरातील सर्व प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या, होतात असे दिसून आले. २०११–१२ मध्ये जपानमधील मितिनोरी साइतो, कात्सुहिको हायाशी आणि सहकाऱ्यांनी मूलपेशींपासून उंदराचे शुक्राणू आणि अंडपेशी घडवून त्यांपासून पिलेही मिळवली.

कायद्याच्या बाजूकडे तरुण संशोधक सहसा दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे त्याविषयी. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये मानवी भ्रूणावरील संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली, तेव्हा मॅक्लारेन तिच्या सदस्य होत्या. ही मर्यादा मनाला येईल तशी आखलेली नव्हती. याच सुमारास भ्रूणात आद्य रेषा (शरीराच्या अक्षाची पहिली खूण) दिसू लागते आणि त्यानंतर एका भ्रूणाची जुळी होण्याची शक्यता उरत नाही. मूलपेशींपासून बनवलेल्या भ्रूणसदृश रचनांमुळे हा वाद आता पुन्हा खुला झाला आहे, त्यामुळे त्यामागचे जीवशास्त्र आपल्याला नेमके माहीत असले पाहिजे.

तेव्हा मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन आणि भ्रूण हाताळणी ही दोन्ही कामे स्वतःच्या हाताने शिकता येतील का, हे आवर्जून विचारावे. मानवी मूलपेशींपासून आद्य जननपेशींसारख्या पेशी बनवता येतात, पण त्या परिपक्व होण्यासाठी जननग्रंथीतील साहाय्यक पेशींचा परिसर लागतो आणि तोच प्रयोगशाळेत उभा करणे अवघड आहे. आपल्याला आनुवंशिकीची बैठक आहेच, त्यामुळे पहिल्या प्रस्तावासाठी मी हाच भाग सुचवीन.