बैठकीत बोलायला हवे: नेदरलँड्समध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलीस पत्र

चि. मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. आइंडहोवनला रुजू होऊन तुला तीन महिने झाले, कामाची घडी बसली, सहकारी मदतीला तत्पर आहेत, आणि तरीही पहिल्याच आढाव्यात तुझ्या मॅनेजरने "तू बैठकीत बोलत नाहीस, त्यामुळे तुला काय वाटते ते आम्हाला कळत नाही" असे स्पष्ट सांगितले, हे तुझ्या मनाला फार लागले आहे. पुण्याच्या ऑफिसात तुझ्या ज्या वागण्याला सगळे समंजसपणा म्हणत होते, तेच इथे उणीव म्हणून नोंदले गेले, याचे तुला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण माझ्या मते त्या एका वाक्यात तुझ्या पहिल्या वर्षाचे निम्मे काम सांगून झाले आहे, म्हणून मी बाकीचे विषय मागे ठेवून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

आपल्याकडे निर्णय बहुधा वरिष्ठ घेतात, बैठकीत तो सांगितला जातो, आणि कोणाला शंका असलीच तर ती नंतर, साहेबांच्या केबिनमध्ये, हळूच मांडली जाते. डच कार्यालयात निर्णय घेण्याआधी, ज्यांच्या कामावर त्याचा परिणाम होणार आहे अशा सर्वांचे म्हणणे ऐकून घेण्याची रीत आहे, आणि त्या सर्वांत कालपरवा आलेली मुलगीही धरलेली असते. ही केवळ एखाद्या कंपनीची सवय नाही. पाण्याचा निचरा आणि बांधांची देखभाल करणारी 'वाटरस्खाप' नावाची मंडळे या देशात मध्ययुगापासून आहेत आणि त्यांच्या निवडणुका आजही होतात. १९८२ साली वासेनार येथे कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांनी एकत्र बसून पगारवाढीला आवर घालण्याच्या बदल्यात कामाचे तास कमी करण्याचा जो समझोता केला, त्याचा दाखला इथले लोक अजून देतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली 'ओंडरनेमिंग्सराट', म्हणजे कर्मचारी परिषद, असावीच लागते, आणि मोठ्या फेरबदलांवर मालकाला तिचा सल्ला घ्यावा लागतो. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला चर्चेत गप्प बसलेला सहकारी नम्र वाटत नाही. त्याची हरकत नाही असे तो धरून चालतो, आणि पुढे तोच सहकारी कुरकुर करू लागला तर त्याला फसवले गेल्यासारखे वाटते.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. आमच्या विभागात पुण्याहून आलेला एक अतिशय हुशार मुलगा होता. जुन्या प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत महिनाअखेरपर्यंत हलवता येईल का, असे त्याला बैठकीत विचारण्यात आले. ते शक्य नाही हे त्याला त्याच क्षणी कळले होते, कारण जुन्या नोंदींमधील चुका दुरुस्त करायलाच तेवढा वेळ लागणार होता. तरीही तो "प्रयत्न करतो" असे म्हणाला. आपल्यापैकी कोणीही त्या उत्तरातून ओळखले असते की काम अवघड आहे. तिथे मात्र इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी अ‍ॅक्शन लिस्टमध्ये कामापुढे त्याचे नाव आणि तारीख लिहिली आणि चर्चा पुढच्या विषयाकडे गेली. पुढचे तीन आठवडे तो रात्री जागून काम करत राहिला, दर बैठकीच्या सुरुवातीला ती यादी वाचली जात असताना "चालू आहे" असे सांगत राहिला, आणि शेवटच्या दिवशी त्याने काम होत नसल्याचे कळवले. उशिराबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. "हे तुला पहिल्या दिवशी माहीत होते, मग तू आम्हाला तेव्हाच का सांगितले नाहीस?" एवढाच प्रश्न सगळ्यांनी विचारला, आणि त्याच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास पुन्हा बसायला बराच काळ जावा लागला. त्याच्या मेहनतीबद्दल मला आजही आदर आहे. तिचे चीज झाले नाही याची हळहळही वाटते.

म्हणून तुझा 'हो' जपून वापर. तारीख विचारली तर जी तारीख तुला खरोखर पाळता येईल तीच सांग, आणि ती समोरच्याच्या अपेक्षेपेक्षा दोन आठवडे उशिराची असली तरी त्यामागचे कारण एका वाक्यात दे. "मला हे पटत नाही, कारण या रचनेत तपासणीला वेळच उरत नाही" हे वाक्य तू तुझ्या मॅनेजरच्या मॅनेजरसमोरही बोलू शकतेस. वाक्याच्या उत्तरार्धात कारण असले म्हणजे पूर्वार्धाचा कोणाला राग येत नाही. विषयपत्रिका बहुतेक वेळा आधी हाती येते. ती वाचून निदान एका मुद्द्यावर तुझे मत कागदावर लिहून ने आणि चर्चेच्या पहिल्या अर्ध्या भागातच मांड, कारण शेवटी बोलू म्हणून थांबणाऱ्याची पाळी अनेकदा येतच नाही. सर्वांसमोर बोलणे अजून जड जात असेल, तर आदल्या दिवशी संबंधित सहकाऱ्याला कॉफीसाठी गाठून तुझी शंका सांग. इथे पुष्कळसे एकमत बैठकीच्या आधी अशाच भेटींतून जुळत आलेले असते.

तुझ्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. तुझी निम्मी टीम हिंजवडीत बसते आणि तू दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी आहेस. तिकडचा टीम लीड "होऊन जाईल" म्हणतो, त्यातले किती होणार आणि किती राहणार हे तुला त्याच्या आवाजावरून कळते. तुझ्या डच सहकाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही. तो शब्द जसाच्या तसा पुढे पोचवलास तर काम अडल्यावर दोन्हीकडून दोष तुझ्याकडे येईल. पुण्याला फोन करून "आज कुठपर्यंत आले आहे, काय अडले आहे, माझ्याकडून काय हवे आहे" असे तीन वेगवेगळे प्रश्न विचार आणि इकडे त्यांची उत्तरे सांग. तिकडच्या मुलांनाही समजावून सांग की इथे अडचण लवकर कळवणाऱ्याची किंमत वाढते. शिवाय भारताची वेळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी पुढे असते, त्यामुळे दोघांच्या कामाचे सामाईक तास सकाळी असतात. बैठका तेव्हाच ठेव. पुण्यातल्या मुलांना रात्री दहापर्यंत बसवून ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो आपणच आपल्या माणसांवर सर्वांत सहज करतो, हे मी खेदाने लिहितो आहे.

आता टीकेविषयी. तुझ्या अहवालाला कोणी सर्वांसमोर "हा भाग कमकुवत आहे" म्हणाले, तर ते त्या भागाविषयी बोलत आहेत असे समज. तोच माणूस अर्ध्या तासाने जेवणाच्या टेबलावर तुझ्या आईवडिलांची चौकशी करील आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटणार नाही. मात्र परखडपणाच्या नावाखाली कोणी तुझ्या उच्चारांची, रंगाची किंवा देशाची टिंगल करत असेल, तर ती इथली संस्कृती आहे असे मानून सोसू नकोस. अनेक कंपन्यांत अशा तक्रारींसाठी 'फर्ट्राउवन्सपर्सोन' म्हणून एक गोपनीयता पाळणारी व्यक्ती नेमलेली असते, तिच्याकडे जा. भेदभावाचाच प्रश्न असेल तर उट्रेख्त येथील मानवाधिकार मंडळाकडे दाद मागता येते.

तुझ्या गप्प बसण्यामागे स्वभावापेक्षा भीतीच अधिक आहे, असे मला तुझे पत्र वाचताना वाटले. "उलट बोलले आणि त्यांनी काढून टाकले तर व्हिसाचे काय?" हे तू शेवटी लिहिलेले वाक्य मी दोनदा वाचले. ही भीती खरी आहे, परदेशातून आलेल्या प्रत्येकाने ती भोगली आहे, आणि तिच्यावरचा उतारा म्हणजे कायदा नीट माहीत असणे. प्रोबेशनचा काळ इथे जास्तीत जास्त दोन महिन्यांचा असू शकतो, आणि दोन वर्षांहून कमी मुदतीच्या करारात तर एकच महिन्याचा. तेव्हा तुझा तो काळ संपलेला आहे. त्यानंतर काम असमाधानकारक आहे म्हणून काढायचे झाले तर मालकाला न्यायालयात जावे लागते आणि सुधारण्याची खरी संधी दिली होती हे दाखवावे लागते. पद रद्द झाल्याच्या कारणासाठी 'यूडब्ल्यूव्ही' या सरकारी संस्थेची परवानगी लागते. म्हणूनच पुष्कळदा परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा करार पुढे केला जातो. तसा कागद कधी समोर आला तर तिथेच सही करू नकोस. कामगार संघटनेच्या किंवा स्वतंत्र वकिलाला दाखव. सही झाली असली तरी चौदा दिवसांच्या आत लेखी कळवून ती मागे घेता येते.

तुझा करार मुदतीचा असेल तर अखेरची तारीख तपासून ठेव. सहा महिने किंवा अधिक मुदतीचा करार पुढे चालणार की नाही हे मालकाने किमान एक महिना आधी लेखी कळवायचे असते. समजा नोकरी गेलीच, तरी तुझ्यासारख्या उच्चकुशल स्थलांतरितांना, वास्तव्याच्या परवान्याची मुदत शिल्लक असेल तर, नवी नोकरी शोधण्यासाठी तीन महिन्यांपर्यंत अवधी मिळतो. नवी कंपनी मात्र 'आयएनडी'ची, म्हणजे इथल्या स्थलांतर विभागाची, मान्यताप्राप्त प्रायोजक असावी लागते. हे सर्व माहीत असलेली मुलगी बैठकीत वेगळ्या आवाजात बोलते, असा माझा अनुभव आहे.

याच भीतीपोटी आपली मुले आजारपणही लपवतात. तू मागच्या महिन्यात ताप असताना लॅपटॉप उघडून बसलीस, हे मला मुळीच आवडले नाही. सकाळी मॅनेजरला फोन करून "मी आजारी आहे" एवढे सांगायचे, कोणते काम अडेल आणि साधारण कधी परत येशील ते कळवायचे, आणि झोपायचे. कोणता आजार आहे हे विचारण्याचा मालकाला अधिकार नाही. आजारपण लांबले तर कंपनीने नेमलेला 'बेड्राइफ्सआर्ट्स', म्हणजे डॉक्टर, तुझ्याशी बोलतो, आणि त्यानेही मालकाला आजाराचे नाव सांगायचे नसते. नोकरीचा करार चालू असताना आजारी कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किमान सत्तर टक्के पगार द्यावा, असा कायदा आहे. सुट्ट्यांचेही तेच. पूर्णवेळ काम करणाऱ्याला वर्षाला किमान वीस दिवसांची रजा कायद्याने मिळते, ती पुढच्या वर्षाच्या १ जुलैपर्यंत घेतली नाही तर साधारणपणे बुडते, आणि वर्षाच्या पगारावर आठ टक्के सुट्टीभत्ता, बहुधा मे महिन्यात, वेगळा मिळतो. रजा न घेणाऱ्याचे इथे कोणी कौतुक करत नाही. त्याला कामाचे नियोजन जमत नसावे अशीच शंका येते. युरोपीय संघात अर्धवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण याच देशात सर्वाधिक आहे. तुझा शेजारी बुधवारी मुलांसाठी घरी असतो, म्हणून त्याचे कामावर लक्ष नाही असे समजू नकोस, आणि त्या दिवशी त्याला फोनही करू नकोस.

जेवणाच्या सुट्टीविषयी थोडेच लिहितो. बाराच्या सुमारास सगळे उठतात, ब्रेड, चीज आणि ताकाचा पेला घेऊन अर्धा तास एकत्र बसतात. तू तुझा पोळीभाजीचा डबा घेऊन त्यांच्यातच बस. एकटीने डेस्कवर जेवू नकोस. कॉफी आणायला उठलीस तर आजूबाजूच्या सर्वांना विचारून ट्रेमध्ये त्यांचे कप घेऊन ये. डायरेक्टरही हेच करतो. स्वतःच्या वाढदिवसाला केक तूच आणायचा असतो.

त्या टेबलावर गप्पा डचमध्ये वळतात आणि तू हसून बसून राहतेस, हे मी न सांगताही ओळखतो. कामापुरते इंग्रजी इथे पुरते, म्हणून पुष्कळ जण वर्षानुवर्षे भाषा शिकत नाहीत, आणि ती त्यांची फार मोठी हानी आहे असे माझे ठाम मत आहे, कारण कोणत्या निर्णयाला कोणाचा पाठिंबा जमतो आहे हे कॉफी मशीनपाशी डचमध्येच ठरत असते. शिकवणीचा खर्च कंपनी करील का ते विचार. अनेक कंपन्या करतात. तू अडखळलीस की समोरचा सौजन्याने इंग्रजीत बोलू लागेल. त्याला थांबवून "कृपया डचमध्येच बोला, मला शिकायचे आहे" असे सांग आणि हे वाक्य सर्वांत आधी पाठ कर.

या आठवड्यात मॅनेजरकडे अर्ध्या तासाची वेळ माग. गेल्या महिन्यातील कोणत्या बैठकीत तुझे मत त्याला हवे होते, हे नेमके विचार, आणि त्या विषयावर तुला तेव्हा काय वाटले होते ते त्याला सांगून टाक. करारावरची अखेरची तारीख आणि डचच्या शिकवणीबद्दल त्याने दिलेले उत्तर मला कळव.

तुझा हितचिंतक,
काका