मॅनेजर नेमका कोणाचा माणूस?

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. बाथरूमच्या छताला तीन महिने ओल आहे, आता पोपडे पडतायत. इमारतीच्या मॅनेजरला चारदा सांगितलं. तो आपुलकीने ऐकतो, ‘वर कळवतो’ म्हणतो, पुढे काही हलत नाही. तो आमच्या बाजूने आहे की मालकाच्या?

उत्तर : ज्याने त्याला नेमलं आणि जो त्याला काढू शकतो, त्याच्या बाजूने. इमारत एकाची असेल तर तो मालक. फ्लॅट वेगवेगळ्यांचे असतील तर त्यांची कमिटी. कारभार अजून बिल्डरकडेच असेल तर बिल्डर. त्याचा पगार अखेर तुमच्या भाड्यातून निघतो, पण नेमणुकीच्या कागदावर तुमची सही नसते. म्हणून तो वाईट ठरत नाही. बहुधा त्याला ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करता येतो, त्यापुढे मंजुरी लागते. तेव्हा आधी हेच विचारा : काम तुमच्या अधिकारात आहे का? नसेल तर मंजुरी कोण देणार, आणि त्यांच्याकडे कोणत्या तारखेला पाठवलंत?

तोंडी तक्रार ‘कळवतो’पाशीच थांबते. लेखी द्या, पोच घ्या. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा, तिच्यावर तारीख घाला, पट्टी धरून फोटो काढा. आठ दिवसांनी पुन्हा. डाग रेघेबाहेर सरकला की ‘ही जुनीच ओल आहे’ असं कोणाला म्हणता येत नाही.

ओल कधी वाढते तेही लिहा, कारण प्लंबरचं अर्धं काम तिथेच होतं. दिवसरात्र सारखीच असेल तर संशय पाणी आणणाऱ्या पाइपवर. त्यात दाब कायम असतो. वरच्यांच्या आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखाली पाणी निघून जाण्याची जागा) सांधा, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. फरशीचा संशय असेल तर वरच्या बाथरूममध्ये ट्रॅपचं तोंड बंद करून साधारण २५ मिमी पाणी २४ तास साठवण्याची चाचणी मागा. तेवढा वेळ तिथले नळ वापरायचे नाहीत, नाहीतर निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

मग पत्रात मालकाचं नुकसान मांडा. स्लॅबमधली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. आज एका सांध्यावर भागणारं काम उद्या स्लॅबच्या दुरुस्तीवर जातं. मॅनेजरला वर दाखवायला हेच वाक्य लागतं. इमारतीत कमिटी असेल तर पत्र तुमच्या घरमालकाच्या सहीने जाऊ द्या; कमिटीत मत त्याला आहे.

ओल दिव्याच्या पॉइंटपर्यंत पोचली असेल तर यातलं काहीही करण्याआधी त्या सर्किटचा एमसीबी (वीजबोर्डावरचा त्या भागाची वीज तोडणारा स्विच) बंद करा, आणि पत्राची पहिली ओळ तीच ठेवा.

प्रश्न : वरच्या मजल्यावर रोज रात्री फर्निचर ओढतात. मॅनेजर म्हणतो, ‘तुम्हीच बोलून घ्या.’

उत्तर : इथे दोघेही रहिवासी, त्यामुळे कोणाची बाजू न घेणं त्याला सोयीचं पडतं. त्याला न्यायनिवाडा करायला सांगू नका, नियम लावायला सांगा. दोन आठवड्यांची नोंद द्या : तारीख, सुरू होण्याची व थांबण्याची वेळ, कोणत्या खोलीवर. इमारतीच्या नियमावलीतलं शांततेच्या वेळेचं कलम क्रमांकासह लिहा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावायला सांगावं, अशी साधी मागणीही जोडा. तेवढा निरोप पोचवायला त्याला जड जात नाही.