जावा पाठ झाली, कळली नाही

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला, चौथ्या सेमिस्टरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषांत कशीबशी सुटले, आता जावा आहे. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ मी झोपेतही लिहीन, पण तिचा अर्थ विचारला की गप्प बसते. क्लास, ऑब्जेक्ट, रेफरन्स यांच्या व्याख्या पाठ आहेत, तरी प्रॅक्टिकलला सरांनी प्रश्न जरा फिरवला की हात थांबतो. मैत्रिणी म्हणतात जावा जुनी झाली, पायथन शिक. मामेभाऊ म्हणतो आता एआयच कोड लिहितो. आमच्या दोन गाई आहेत, दूध डेअरीला जातं. बाबा पुण्यातल्या क्लाससाठी ४० हजार उभे करायला तयार आहेत. घरी लॅपटॉप नाही. क्लास लावू का?

उत्तर : नको. निदान या वर्षी तरी नको. त्या पैशांचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुला जावा येत नाही असं तुझ्या पत्रावरून मला वाटलं नाही. तू ती पाढ्यांसारखी शिकलीस, एवढंच. मी तंत्रनिकेतनात शिकवत होते तेव्हा दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं असंच करायची, आणि त्यात आमचाही दोष होता. मॅन्युअलमधला प्रोग्राम उतरवून घ्या, आउटपुट चिकटवा, सही घ्या. बँक खात्याचं उदाहरण द्यायचो, तेही अशा मुलांना ज्यांनी बँकेचं दार क्वचित पाहिलेलं. तुझ्या घरात मात्र जावा शिकायला लागणारं सगळं रोज सकाळ-संध्याकाळ येतं. डेअरीची पावती. सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. आपण तीच घेऊ.

आधी ती झोपेत येणारी ओळ. तुझा प्रोग्राम सुरू करणारा बाहेर उभा असतो, जावा व्हर्च्युअल मशीन. मेन म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग. तो त्याला दिसायला हवा म्हणून ‘पब्लिक’. तो हाक मारतो तेव्हा एकही ऑब्जेक्ट (त्याचा अर्थ पुढे येईलच) जन्मलेला नसतो, मग हाक कोणाच्या नावाने मारायची? क्लासच्याच नावाने, म्हणून ‘स्टॅटिक’. काम संपल्यावर हाक मारणाऱ्याला परत काही द्यायचं नाही, म्हणून ‘व्हॉइड’. कंसातलं ‘स्ट्रिंग आर्ग्ज’ म्हणजे प्रोग्राम सुरू करताना सोबत दिलेले शब्द ठेवायची जागा. गंमत म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये नवशिक्यांसाठी हा पसारा कमी केला आहे, नुसतं ‘व्हॉइड मेन’ लिहून चालतं. तुझ्या परीक्षेत मात्र जुनी ओळच लिही.

हे व्हर्च्युअल मशीन मध्ये कशाला आलं, हाही व्हायवातला आवडता प्रश्न. १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी घरगुती उपकरणांसाठी भाषा बनवत होते. तेव्हा तिचं नाव होतं ओक. आपल्याकडे ते आडनाव, तिकडे झाड. १९९५ मध्ये ती जावा या नावाने जगासमोर आली. उपकरण बदललं की आतली चिप बदलणार आणि प्रत्येक चिपची बोली वेगळी. म्हणून त्यांनी मधली वाट काढली. ‘जावासी’ हा कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम, तुझ्या प्रोग्रामचं बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत रूपांतर करतो, आणि ज्या त्या यंत्रावरचं व्हर्च्युअल मशीन तो बाइटकोड आपल्या चिपला समजावून सांगतं. लॅबमध्ये विंडोजवर बनवलेली क्लास फाइल (बाइटकोडची फाइल) लिनक्सवर नेऊन चालवून बघ, पुन्हा कंपाइल न करता. एकदा डोळ्यांनी पाहिलंस की व्याख्येची गरज राहणार नाही. (आणि जावास्क्रिप्ट वेगळी बरं का. नावं सारखी असली तरी या दोघी एकमेकींच्या जावाही नव्हेत.)

आता पावती हातात घे. लिटर आणि फॅट अपूर्णांकात येतात, ते डबल, म्हणजे अपूर्णांकाचा प्रकार. सभासदाचं नाव स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. कोड? तू पटकन इंट, म्हणजे पूर्णांक, म्हणशील. थांब. कोड ०१० असेल आणि तू तो प्रोग्राममध्ये तसाच इंट म्हणून लिहिलास, तर जावा त्याला ८ समजते, कारण पुढे शून्य लावलेला आकडा ती आठच्या पायावर मोजते. ०८ लिहिलंस तर कंपाइलच होणार नाही. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते तो आकडा नसून नाव असतं. म्हणून सभासद कोड, मोबाइल नंबर, पिनकोड हे सगळे स्ट्रिंग.

सकाळी ७ लिटर, संध्याकाळी ८ लिटर. बेरीज १५, दोन वेळांची सरासरी साडेसात. दोन्ही आकडे इंटमध्ये ठेवून भागाकार केलास तर जावा ७ सांगेल. अर्धा लिटर दूध गेलं कुठे? पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की ती अपूर्णांक टाकून देते, जवळच्या आकड्याकडेही जात नाही. मुलं यावर उपाय म्हणून उत्तर डबलमध्ये ठेवतात आणि ७.० बघून बुचकळ्यात पडतात. भागाकार आधीच उरकलेला असतो. दूध सांडून गेल्यावर मोठं भांडं आणून काय उपयोग? भागायच्या आधीच २ च्या जागी २.० लिही.

पैशांच्या बाबतीत डबलवरही विसंबू नकोस. ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापून बघ, ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी विचित्र येईल. आपण एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहू शकत नाही, तसं यंत्राला एक दशांश दोनाच्या पायावर पूर्ण लिहिता येत नाही. नवशिक्यांसाठी सोपी युक्ती अशी : हिशेब पैशांत ठेव, रुपयांत फक्त छाप.

आता ज्यावर तुझी गाडी अडली आहे ते. क्लास म्हणजे डेअरीचा कोरा छापील फॉर्म आणि ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म, हे तुझ्या सरांनी सांगितलं असेलच. ते बरोबर आहे. पण माझ्या अनुभवात मुलं क्लासवर अडत नाहीत, रेफरन्सवर अडतात. त्यासाठी गोठ्यात चल.

‘न्यू’ म्हटलं की गोठ्यात एक गाय, म्हणजे ऑब्जेक्ट, येते. तिला धरायला तुझ्या हातात असतं ते दावं. व्हेरिएबल म्हणजे ते दावं, म्हणजेच रेफरन्स, गाय नव्हे. ‘गाय ब बरोबर अ’ असं लिहिलंस की दुसरी गाय येत नाही, त्याच गाईच्या गळ्यात दुसरं दावं पडतं. ‘ब’चं दावं धरून तिचं फॅट ३.८ केलंस आणि मग ‘अ’चं फॅट छापलंस तर ३.८ च येणार. यात जादू काही नाही, गाय एकच आहे. ‘नल’ म्हणजे मोकळं दावं. ते दावं धरून धार काढायला बसलीस की जावा ओरडते, नल पॉइंटर एक्सेप्शन. तू आजवर या एररला घाबरून ओळी खोडत असशील. त्याऐवजी स्वतःला विचार, या दाव्याला गाय बांधली कधी होती? बहुतेक वेळा ‘न्यू’च राहिलेलं असतं. आणि जिच्या गळ्यात एकही दावं उरलं नाही ती गाय? तिला कोंडवाड्यात नेणाऱ्याला जावात गार्बेज कलेक्टर म्हणतात. तो त्याच्या सवडीने येतो, आपण बोलावलं म्हणून लगेच येईल असं नाही.

स्ट्रिंगच्या तुलनेतही हीच गोष्ट. दोन बरोबरची चिन्हं लावून विचारलंस की जावा बघते, दोन्ही दावी एकाच गाईची आहेत का. ‘इक्वल्स’ने विचारलंस की ती दोन गाई सारख्या आहेत का ते बघते. प्रोग्राममध्येच लिहिलेले दोन सारखे शब्द जावा एकाच ठिकाणी ठेवते, त्यामुळे चिन्हांनी विचारलं तरी उत्तर ‘ट्रू’ येतं आणि मुलांना वाटतं जमलं. मग तोच शब्द स्कॅनरने कीबोर्डवरून घेतला की ‘फॉल्स’. सरांनी प्रश्न फिरवला तेव्हा तुझा हात कदाचित इथेच थांबला असेल.

‘प्रायव्हेट’, म्हणजे बाहेरच्याला हात लावू न देणं, कशाला हवं? डेअरीत फॅट मोजायचं यंत्र सभासदाच्या हातात देतात का, तेवढ्यासाठीच. फॅट प्रायव्हेट ठेव, बदलायला एक मेथड (क्लासमधलं एक ठरलेलं काम) दे, आणि उणे आकडा आला तर त्या मेथडने नकार द्यावा. इनहेरिटन्ससाठी, म्हणजे एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेण्यासाठी, गाय आणि म्हैस पुरेशा आहेत. दोन्ही दुभती जनावरं, पण गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. दर काढायची मेथड दोघींची वेगळी, बाकी सगळं सामाईक. या प्रकरणावर आता फार वेळ घालवू नकोस. परीक्षेपुरतं कर, गोडी नंतर लागते.

लूप (तेच काम फेऱ्या मारत करणं) आणि अ‍ॅरे (सारख्या गोष्टींची क्रमवार रांग) पावत्यांतूनच येतील. १० दिवसांचं बिल म्हणजे २० वेळांचं दूध. अ‍ॅरेमधली मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटची जागा १९. लूपमध्ये ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ लिहिलंस की जावा सांगेल, ‘इंडेक्स २० आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंथ २०’. हे वाक्य नीट वाच. यात शिव्या नाहीत, पत्ता आहे. तू २० नंबरची जागा मागितलीस आणि जागा २०च आहेत. खालच्या ओळीत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो. मराठी माध्यमाच्या मुलींना मी नेहमी सांगते की एररच्या इंग्रजीला घाबरायचं कारण नाही, तेच ते शब्द फिरून येतात. एक वही कर. एरर आला की तो मराठीत काय म्हणतोय ते एका ओळीत लिही आणि शेवटी तो कशाने गेला ते लिही. कंपायलरने एकदम दहा चुका दाखवल्या तर फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल कर. बाकीच्या बऱ्याचदा तिचीच पिलावळ असते.

लॅपटॉप नाही याचं दुःख आहे खरं, पण तुझ्यापुरता त्याचा एक फायदाही आहे. ज्यांच्याकडे असतो ती मुलं विचार न करता रन दाबतात. तू घरी वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना आख आणि ओळ ओळ पुढे जात आकडे बदलत जा. आउटपुट काय येईल ते पेनाने लिही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये चालव. जिथे तुझं उत्तर आणि जावाचं उत्तर जुळलं नाही, तिथेच शिकायचं आहे. जुळलं तिथे वेळ घालवू नकोस. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावाचे छोटे पाठ फुकट मिळतात. त्या प्रकल्पाचे बरेच पाठ मराठी आवाजातही आहेत, ते मोबाइलवर बघता येतील. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमात आयआयटी खरगपूरचा जावाचा अभ्यासक्रमही विनाशुल्क ऐकता येतो, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला बसायचं असेल तर.

पायथनचं म्हणशील तर ती चांगली भाषा आहे आणि तुला लागणारच आहे. पण आज चौथ्या सेमिस्टरच्या मध्यात घोडं बदलू नकोस. पायथन बरंच काही न विचारता चालवून घेते, जावा प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी विचारते. नवशिक्याला हा काच वाटतो, पण हिशेबाची शिस्त त्यातूनच लागते. जुनी झाली म्हणणाऱ्यांना बँका आणि विमा कंपन्यांच्या सर्व्हरवर काय चालतं ते विचार. तिथलं जुनं सांभाळायला आणि नवं लिहायला जावा येणारी माणसं लागतात. जावाच्या जोडीला एसक्यूएल ही डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा शिक, आणि डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयर इंजिनीअरिंगचा विचार मोकळा ठेव.

मामेभाऊ अर्धा बरोबर आहे. एआय डेअरीचा प्रोग्राम मिनिटभरात लिहून देईल. पण ७.५ च्या जागी ७ आले हे ओळखायला समोर कोणीतरी लागेल आणि पगार त्या माणसाला मिळेल. एआय जरूर वापर, फक्त क्रम पाळ. आधी स्वतः अर्धा तास झगड. मग त्याच्याकडून कोड मागू नकोस, तुझ्या एररचा अर्थ मराठीत विचार.

आता बाबांचे ४० हजार. नोकरीची हमी देणारे फलक मी पुष्कळ पाहिले. त्या हमीच्या खालच्या बारीक अटी वाचल्याशिवाय एक रुपया कुठे भरू नका, हे बाबांना माझ्या नावाने सांग. सेमिस्टर संपल्यावरही ही गोडी टिकली तर त्यातल्या थोड्या पैशांत ८ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप घ्या, ओळखीच्या माणसाकडून तपासून. जेडीके (जावा कंपाइल करून चालवायची साधनं) फुकट आहे, शिकण्यासाठी ब्लूजे हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यात क्लास आणि ऑब्जेक्ट चौकटींच्या रूपात पडद्यावर दिसतात, तुला ते आवडेल. उरलेले पैसे इंजिनीअरिंगच्या फीला राहू देत.

या आठवड्यात एवढंच कर. बाबांकडून मागच्या बिलाच्या वीस पावत्या घे. लिटर आणि दर अ‍ॅरेमध्ये भर, रक्कम काढ, बेरीज कर आणि डेअरीच्या बिलाशी ताडून बघ. जुळलं नाही तर आधी तुझा भागाकार, मग लूपची शेवटची फेरी, मग कुठला डबल इंटमध्ये कोंबलास का, ते तपास. एवढं करूनही फरक राहिला, तर मात्र बाबांना घेऊन डेअरीत जा.