बाबांसाठी शवपेटी कोणती घ्यायची?

मावशी, मी न्यू जर्सीत एडिसनला असते. बाबा ८४ वर्षांचे आहेत, घरीच हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा, सुरू आहे. आता काही आठवडेच, असं डॉक्टर म्हणाले. परवा मी आणि धाकटा भाऊ फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडे, चौकशीला गेलो. त्यानं महोगनीची पेटी पसंत केली, साडेसहा हजार डॉलरची. मी म्हटलं, दहनच करायचंय तर एवढी महाग कशाला? "बाबांनी जन्मभर आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या आणि तू हिशोब करतेस?" एवढं बोलून तो निघून गेला. आता फोनही घेत नाही. मी खरंच चिक्कूपणा करतेय का?
– एक लेक

अगं, मुळीच नाही. आणि भावाचाही राग धरू नकोस. बाबा जाणार हे त्याला सोसवत नाहीये, आणि पेट्या मांडलेल्या त्या दालनात पैसे मोजण्याखेरीज हातात करण्यासारखं काही नसतं.

आपल्याकडे गरीब असो की सावकार, तिरडी बांबूची आणि सुतळीचीच. ती बांधायला शेजारीपाजारी येतात, दुकानात जाऊन निवड करायची वेळच येत नाही. तुम्हा दोघांवर ती आली आणि तिथेच भांडण झालं.

व्यवहाराचं आधी नीट समजून घे. अमेरिकेत १९८४ पासून 'फ्युनरल रूल' आहे, म्हणजे फ्युनरल होमसाठीचा सरकारी नियम. पेट्या दाखवण्याआधी त्यांची दरयादी तुमच्यासमोर ठेवावी लागते. अंत्यदर्शन न ठेवता थेट दहन करायचं असेल, तर कास्केट म्हणजे सजवलेली शवपेटी घ्याच, अशी सक्ती कुणी करू शकत नाही. जिथे अशा थेट दहनाची सोय करून देतात तिथे पुठ्ठ्याची किंवा बिनपॉलिशच्या लाकडाची साधी पेटी ठेवावीच लागते. बाहेरून पेटी आणलीत तरी ती नाकारता येत नाही, की त्यासाठी जादा पैसे लावता येत नाहीत. आणखी एक. बहुतेक लोक पहिल्या तीन पेट्यांमधलीच एक घेतात, बहुधा मधल्या किमतीची. म्हणून समोर मांडलेल्या पाहून झाल्या की स्वस्तातल्याही दाखवा, असं स्पष्ट सांग. त्या बऱ्याचदा दालनात ठेवलेल्याच नसतात.

भावाचं मन राखायचं असेल तर भाड्याची पेटी मिळते का, विचार. बाहेरून ती पॉलिश केलेल्या चांगल्या लाकडाची असते आणि आत साधा खोका बसवलेला असतो. अंत्यदर्शनाला आलेल्यांना बाबा नीट, मानानं ठेवलेले दिसतात. नंतर तो आतला खोकाच दहनाला जातो. मला तुमच्यासाठी हाच मार्ग योग्य वाटतो. महोगनीची पेटी दोन तास लोकांनी पाहायची आणि मग भट्टीत जायची, हे मला पटत नाही. तरी भावानं स्वतःच्या पैशानं घ्यायचीच म्हटलं, तर घेऊ दे. त्यापायी नातं तोडू नकोस.

पेटीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टींची काळजी वाटते. बाबांना पेसमेकर असेल तर फ्युनरल होमला आधीच सांग. भट्टीत त्याची बॅटरी फुटते, म्हणून तो दहनापूर्वी काढावा लागतो. तुळस, तूप, गंगाजल, फुलं आत ठेवू देतात का? भट्टीपर्यंत घरचे किती जण येऊ शकतात? बटण मुलाला दाबू देतात का? प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. ऐन वेळी कुणी "नाही" म्हटलं, तर तुझ्या आईला ते फार लागेल.

आणि बाबा शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचार ना! ही पिढी मरणाबद्दल आपल्यापेक्षा मोकळेपणानं बोलते. भाऊ फोन घेत नसेल तर त्याला मेसेज कर: "बाबांना काय हवंय ते आपण दोघं मिळून विचारू, शनिवारी ये." पेटीचा विषय त्यात काढू नकोस. तो आला की आईलाही जवळ बसव. कोणतं धोतर नेसवायचं, कोणतं उपरणं घालायचं, हे तिनं ठरवून ठेवलेलं असेल. तिला अजून कुणी विचारलेलं नाही, एवढंच.