पॅनलच्या कागदाची खालची नावं

प्रिय कॉम्रेड,

तुझं पत्र मिळालं. आपल्या कम्युनिस्ट पक्षाच्या शाखेनं जिल्हा अधिवेशनासाठी प्रतिनिधी म्हणून तुला निवडलं, हे त्याआधीच कानावर आलं होतं. लालबागच्या नाक्यावर अशी बातमी लपत नाही. अभिनंदन.

तू विचारलंयस, ‘नवा सेक्रेटरी म्हणून कुणाला मत देऊ?’ आणि दोन नावं लिहिलीयस. एकजण चार वेळा तुरुंगात जाऊन आलाय, पण तो भाषणाला उभा राहिला की पोरं मोबाइल काढतात. दुसऱ्याचे व्हिडिओ तुझ्या डिलिव्हरीवाल्या मुलांना तोंडपाठ आहेत.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुझी निम्मी झोप परत येईल. सेक्रेटरीला तू मत देणारच नाहीस. तू कमिटी निवडणार. मावळती कमिटी नव्या कमिटीसाठी नावांचं पॅनल मांडते. त्यातल्या नावावर हरकत घेता येते, नवं नावही सुचवता येतं. नावं जागांपेक्षा जास्त झाली, की गुप्त मतदान. मग निवडून आलेली कमिटी बाजूच्या खोलीत बसते आणि आपल्यातून सेक्रेटरी ठरवते. दार उघडलं की घोषणा सुरू होतात, आणि बाहेरच्यांना वाटतं, आता निवड झाली! ती पॅनलच्या कागदावर आधीच बरीचशी झालेली असते.

म्हणून तो कागद हातात आला की पहिली पाच नावं सोडून दे. ती सगळेच वाचतात. शेवटची दहा वाच. त्यात पालिकेचा कंत्राटी सफाई कामगार आहे का? आशा, अंगणवाडीची बाई आहे का, की ‘महिला’ म्हणून कुणाची तरी सून घातलीय? सेक्रेटरीला तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणारी दोन माणसं तरी दिसतात का? ती नसली, तर तुझ्या दोघांपैकी कुणीही आला तरी दोन वर्षांत तो आपल्याच आवाजाच्या प्रेमात पडेल. असे पाहिलेत मी. माणसं वाईट नव्हती.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. गिरणी संप १९८२च्या १८ जानेवारीला सुरू झाला. मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतर तीन-एक वर्षांची. गिरण्यांची दारं अर्धवट उघडली होती आणि निम्मे कामगार गावी गेले होते. आमचं अधिवेशन परळच्या एका छोट्या हॉलमध्ये होतं. पॅनलचा कागद कार्बन लावून टाइप केलेला. माझ्या हातात चौथी प्रत आली, अक्षरं जांभळी आणि पुसट. वायंडिंग खात्यातली एक बाई संपभर घरोघरी फिरून तांदूळ गोळा करायची. कुणाकडून किती आले, कुणाला किती दिले, सगळं शाळेच्या वहीत लिहिलेलं. तिचं नाव यादीत नव्हतं. खाली चहाच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण तावातावाने बोललो. ‘हे खपवून घ्यायचं नाही’, हे वाक्य माझंच. मग वर गेलो. अध्यक्षमंडळातल्या कॉम्रेडनी विचारलं, ‘कुणाची हरकत?’ मी माझ्या चपलेकडे बघत राहिलो. अंगठा तुटला होता, त्याला तार बांधलेली होती. अजून आठवते ती तार. पॅनल एकमताने मंजूर झालं.

जिन्यात ती भेटली. म्हणाली, ‘तुमी तरी बोलायचं व्हतं.’ पुढे ती साताऱ्याकडे गेली. वहीचं काय झालं, कुणालाच माहीत नाही.

तेव्हा बोलायचं असेल तर हॉलमध्ये बोल, टपरीवर नाही. हरशील, ते ठीक आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं मदुराईला अधिवेशन झालं, तेव्हा आपल्या महाराष्ट्रातले, सीटू या कामगार संघटनेचे डी. एल. कराड केंद्रीय कमिटीसाठी पॅनलबाहेरून उभे राहिले. ३१ मतं पडली, हरले. काही जणांना यात फजिती दिसली. मला तरी दिसली नाही. पोस्ट टाकून राजीनामा देण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

वयाबद्दल तू जरा घाईने लिहिलंयस. म्हातारे हटत नाहीत, हे खरं. मी स्वतः म्हातारा असून सांगतो. मदुराईतच ७५ वर्षांच्या अटीनुसार प्रकाश करात, वृंदा करात, माणिक सरकार पॉलिट ब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वात वरच्या मंडळातून, बाहेर पडले. पिनराई विजयन यांना सूट मिळाली. त्याच वर्षी चंदीगडला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने डी. राजा यांना सूट देऊन पुन्हा सरचिटणीस केलं. सूट द्यायची तर द्या, पण कारण सभागृहात सगळ्यांसमोर सांगा, एवढंच माझं म्हणणं. तरुण असणं हीसुद्धा लायकी नव्हे, हे तुझ्या व्हिडिओवाल्याला कुणीतरी सांगायला हवं.

तुरुंगाचंही तेच. १९७०मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला तेव्हा मी शाळेत होतो. परळच्या पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. गिरणगाव हळहळत होतं, तरी शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. त्यागाचा मान राहतो, पण मतं त्याच्या मागोमाग येतीलच असं नाही.

मग विचारायचं काय? धोरण विचार. कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन १९४३ साली इथेच, मुंबईत झालं आणि पी. सी. जोशी सरचिटणीस झाले. १९४८ला कलकत्त्याच्या अधिवेशनात ते पदावरून गेले आणि आपल्या मुंबईचे बी. टी. रणदिवे आले. १९५०मध्ये त्यांचंही पद गेलं. चेहऱ्यांचा कंटाळा आला म्हणून हे झालं नाही. काँग्रेस सरकारशी कसं वागायचं, उठाव करायचा की नाही, यावर पक्ष हलला होता आणि माणसं त्याबरोबर हलली. तुमच्या जिल्ह्यात असा कुठला प्रश्न आहे? महापालिकेला आघाडीत जायचं की स्वतंत्र? डिलिव्हरीच्या मुलांची वेगळी युनियन की जुन्या युनियनमध्येच त्यांचा विभाग? दोघांना हेच विचार. दोघांचंही उत्तर एकच आलं, तर तुमची लढाई फक्त खुर्चीची आहे, आणि मग तू त्यात फार रक्त आटवू नकोस.

आणि अहवालाच्या शेवटी जमाखर्च असतो. त्या पानापर्यंत येईतो लोक जेवायला उठलेले असतात. तू बसून राहा. सभासद किती, नूतनीकरण किती जणांनी केलं, लेव्ही, म्हणजे सभासदांनी कमाईतून पक्षाला द्यायचा वाटा, किती शाखांकडून आली, हे बघ. तुझ्या दोघांच्या स्वतःच्या शाखांचे आकडे शोध. ज्याच्या शाखेची मीटिंग महिनोन् महिने होत नाही, तो जिल्हा कसा चालवणार, हे त्याला तू जरूर विचार. आदराने विचार, पण माइकवर.

नोंदणी साडेनऊला लिहिली असेल, म्हणजे दहा धर. डबा ने, तिथला वडापाव दुपारपर्यंत थंडगार होतो. दुरुस्त्या लेखी द्याव्या लागतात, तेव्हा पेन दोन ठेव. आणि पॅनलचा कागद टाकून देऊ नकोस. रविवारी घरी घेऊन ये, मला तो खालून वर वाचायचाय. काकू सुकटीची चटणी करणार आहे.

लाल सलाम.

तुझा
काका